ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा: आधी कडेवरच्या बाळाचं बघा

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवता. दर वर्षी दिवाळी झाली की शाळेमागच्या माळावर बीड-जालन्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात, कोप्या म्हणजे त्यांच्या झोपड्या पडतात आणि पन्नास-साठ मुलं दिवसभर तिथंच फिरत असतात. बोलावलं तर दोन दिवस येतात, तिसऱ्या दिवशी गायब. हेडमास्तर म्हणतात टीसी नाही तर नाव कसं घालायचं. आणि गावातलं तरुण मंडळ म्हणतंय की पत्र्याचं शेड टाकून कोप्यांजवळच साखरशाळा, म्हणजे या मुलांसाठी हंगामापुरती शाळा काढू. तर काढावी का, आणि काढली तर मुलं टिकतील का?

मी या कामात २२ वर्षं आहे, आधी साखरशाळेत शिकवलं, नंतर बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांसाठी गावोगाव फिरले. माझं उत्तर सरळ आहे. शाळा जरूर काढा, पण त्याच्या आधी पाळणाघर काढा. पाळणाघर जमणार नसेल तर शेडवर पैसे घालू नका, कारण तुमच्या शाळेत जी मुलं दोन दिवस येऊन गायब होतात ना, त्यातल्या मुली शिकायचा कंटाळा आला म्हणून जात नाहीत, त्यांच्या कडेवर कुणीतरी असतं म्हणून जातात.

हे नीट समजायला कोपीतला दिवस बघावा लागतो. एक कोयता म्हणजे एक माणूस नाही, दोन माणसं, नवरा आणि बायको. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती या जोडीला देतो. पहाटे तीन-चारला कोपीत चूल पेटते, भाकरी थापून फडक्यात बांधली जाते आणि उजाडायच्या आत दोघं फडात. तो तोडतो, ती वाढं-पाचट बाजूला करते, मोळ्या बांधते, मग दोघं डोक्यावरून वाहून गाडी भरतात. ट्रॅक्टर रात्री आला तर रात्री भरायची. एखादा दिवस गेलं नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात, त्यामुळे अंगात ताप असला तरी बाई कामाला जाते. आता सांगा, या घरात लहान लेकराला बघायला कोण उरलं? मोठी मुलगी. ती आठ वर्षांची असो नाहीतर बारा. पाणी तिनं आणायचं, दुपारची भाकरी तिनं टाकायची, कोपीला दार नसतं म्हणून पीठ-मीठ कुत्र्यांपासून तिनंच राखायचं, आणि हे सगळं करताना बाळ कडेवर.

एका मुलीचं सांगते, नाव नको. नऊ-दहा वर्षांची असेल. आमच्या साखरशाळेत रोज यायची पण वर्गात कधी बसायची नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. कडेवर भाऊ, आठ-नऊ महिन्यांचा. मी फळ्यावर लिहायला लागले की हिचे ओठ हलायचे, म्हणजे वाचत असायची. बाळ रडलं की वळून निघून जायची, कुणी हाकललेलं नसायचं, तिलाच वाटायचं की आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय. आणि मी काय करत होते, तर पंधरा दिवस तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत होते. हे आजही आठवलं की मला वाईट वाटतं, खरंच वाईट वाटतं. मग आमच्या मदतनीस मावशींनी एक दिवस काही न बोलता शेडच्या आडव्या बांबूला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. बाळ झोळीत, झोळीची दोरी हिच्या पायाच्या अंगठ्याला, आणि ती पोर पहिल्यांदा मांडी घालून पाटी घेऊन बसली. अंगठा हलतोय आणि पाटीवर अक्षर गिरवतेय. त्या हंगामात ती जोडाक्षरांपर्यंत पोचली.

तेव्हापासून मी कुठल्याही तळावर गेले की आधी शाळेच्या वयाची मुलं मोजत नाही, तीन वर्षांच्या आतली बाळं मोजते.

आणि ही गोष्ट फक्त अनुभवाची नाही, कायद्याला ती फार पूर्वीपासून माहीत आहे, फक्त आपल्या लोकांसाठी नाही. १९५१ चा मळे कामगार कायदा बघा. चहा, कॉफी, रबर, सिंकोना, नंतर वेलदोडे, या मळ्यांसाठी तो होता. त्यात पाळणाघराचं वेगळं कलम होतं, ५० किंवा जास्त स्त्री कामगार असतील किंवा त्यांची २० किंवा जास्त लेकरं असतील तर मळ्यात पाळणाघर हवं. आणि शिक्षणाचंही कलम होतं, कामगारांची ६ ते १२ वयाची २५ पेक्षा जास्त मुलं असतील तर मालकानं शिक्षणाची सोय करावी असे नियम राज्य सरकार करू शकत होतं. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची कामगार संहिता आली आहे, तिच्यात मळ्यांसाठी या सोयी पुढे घेतल्या आहेत. चहाच्या बागांत सगळं नीट चालतं असं माझं म्हणणं अजिबात नाही, तिथंही प्राथमिकच्या पुढे पोरांचे हाल आहेत. पण निदान मालक कोण हे तिथं ठरलेलं आहे, आणि कामगार बारा महिने मळ्यातल्या घरांच्या त्याच लाइनीत राहतो.

ऊस त्या यादीत नाही. कारण ऊस एका मालकाच्या मळ्यात पिकत नाही, हजारो शेतकऱ्यांच्या तुकड्या-तुकड्यांत पिकतो. मग मुलांचं विचारायला गेलं की कारखाना म्हणतो ही मुकादमाची माणसं, मुकादम म्हणतो मी फक्त वाहतूक ठेकेदाराचे पैसे वाटले, शेतकरी म्हणतो माझा ऊस कारखान्यानं तोडून नेला, मला काय विचारता. मी अशी चक्कर एका हंगामात तीन वेळा मारली आहे, एका बालवाडीच्या खोलीसाठी. खोली मिळाली फेब्रुवारीच्या शेवटी, महिन्याभरात टोळ्या परत गेल्या. म्हणून तुम्हाला सांगते, कुणाची जबाबदारी हे ठरण्याची वाट बघत बसू नका, जे मागता येतं ते वेगवेगळ्या दारांत वेगवेगळं मागा. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता टीसीचं. इथे मात्र तुमची बाजू पक्की आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं कलम ५ सांगतं की मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५, सत्र सुरू झाल्यावर उशिरा आला तरी नाकारता येत नाही. कलम ४, वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे पडलंय ते भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. आणि कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश हा वेगळा मुद्दा म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे ही मुलं तुमच्या पंचायतीची, तुमच्या जिल्हा परिषदेची जबाबदारी आहेत, त्यांचं गाव बीडमध्ये असलं तरी.

पण हेडमास्तरांच्या टेबलावर कायदा आपटू नका, त्यांची अडचण खोटी नसते. ती समजून घ्या म्हणजे मार्ग निघतो. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, ती ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. टोळ्या निघतात दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे मोजणीच्या दिवशी बीडच्या शाळेत पट भरलेला असतो आणि तुमच्याकडे ही मुलं नसतातच. नोव्हेंबरात तुमच्या वर्गात चाळीस पोरं वाढली तरी शिक्षक वाढत नाही. तिकडे गावच्या शाळेनं टीसी दिली तर त्यांचा पट पडतो आणि एखादं पद जाईल ही भीती, म्हणून तेही टीसी द्यायला नाराज असतात, आणि मग काही ठिकाणी मूल फडात असतं आणि हजेरीपटावर हजर असतं. कुणी एक शिक्षक वाईट आहे म्हणून असं होत नाही. मोजणीची तारीख आणि स्थलांतराची तारीख एकमेकींना भेटतच नाहीत, म्हणून होतं.

यावर आपल्या राज्यात काढलेला मार्ग म्हणजे शिक्षण हमी कार्ड. मूळ शाळेनं मुलाबरोबर कार्ड द्यायचं, त्यात मूल कितवीत आहे, काय येतं काय नाही ते लिहायचं, आणि जिथं मूल पोचेल तिथल्या शाळेनं त्या कार्डावर त्याला बसवून घ्यायचं. नाव मूळ शाळेच्या पटावर राहतं, शिकतं तुमच्याकडे, परत जाताना तुम्ही कार्डावर तुमच्या काळातली हजेरी आणि प्रगती भरता. तर हेडमास्तरांना टीसी मागू नका म्हणावं, कार्डावर बसवून घ्या. कार्ड नसेल, आणि बऱ्याचदा नसतं, तर आईबापाला गाव आणि शाळा विचारा आणि तिथल्या शिक्षकाला फोन करा. गावचं नाव मुलांना नक्की सांगता येतं, वर्गशिक्षकाचं नावही सांगता येतं, कधीकधी आडनाव नाही सांगता येत पण 'लांब मिशीवाले सर' एवढं सांगतात आणि तेवढ्यावरून माणूस सापडतो. बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम करणारे शिक्षक प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, एक मेसेज टाकला तर संध्याकाळपर्यंत शाळा सापडते. पोषण आहाराच्या तांदळाची वाढीव मागणी मात्र पहिल्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांमार्फत घाला, ही मुलं सकाळी शिळी भाकरी खाऊन नाहीतर तशीच येतात, आणि दुपारचं जेवण मिळणार हे आईला कळलं की निम्मं काम होतं.

साखरशाळा की तुमचीच शाळा, हा खरा निर्णय. मी एके काळी साखरशाळेची फार कैवारी होते, आता तेवढी नाही. फरक टोळीच्या प्रकारात आहे. बैलगाडी-टायरवाल्यांचा तळ असतो तो हंगामभर कारखान्याजवळ एका जागी राहतो, बैलं असतात, गाड्या असतात, दोन-दोनशे कोप्या असतात. तिथं मुलं चार-पाच महिने सापडतात, तिथं शेड घालून उपयोग आहे. पण ट्रक-ट्रॅक्टर भरून देणाऱ्या टोळ्या फडाबरोबर हलतात, आज तुमच्या माळावर, पंधरा दिवसांनी तिसऱ्या गावात. त्यांच्यासाठी शेड बांधलं तर शेड राहतं आणि मुलं जातात. तुम्ही लिहिलंय मुलं गायब होतात, तर आधी बघा की ती तळावर असून येत नाहीत की टोळीच हलली. हे विचारायला सगळ्यात चांगला माणूस म्हणजे कारखान्याचा चिटबॉय, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा. कुठल्या टोळीला कुठल्या गटात तोड लागणार हे त्याला दोन-चार दिवस आधी कळतं. माझ्या बघण्यातला एक चिटबॉय, शिकलेला पोरगा, स्वतः ऊसतोडीच्या घरातला, तो टोळी हलायच्या आदल्या रात्री आम्हाला फोन करायचा, आम्ही पुढच्या गावच्या शाळेला कळवायचो, आणि त्या एका हंगामात अकरा मुलं चार शाळा फिरली पण एकाही आठवड्यात शाळेबाहेर नव्हती. अकरा म्हणजे थोडी वाटतील, पण ही अकरा टिकली.

तळ स्थिर असेल तरी माझा आग्रह असा की शिकायची जागा तुमचीच शाळा असू दे, तुमच्या गावच्या मुलांबरोबर. वेगळ्या शेडमध्ये बसवलं की ती 'टोळीवाल्यांची शाळा' होते, तिथं फळा निम्मा असतो, तिथं संडास नसतो आणि पुढचं वर्ष उजाडेल का माहीत नसतं. कोप्यांजवळच्या शेडचा उपयोग पाळणाघरासाठी करा. बाळं तिथं, मोठी मुलं शाळेत. मंडळाच्या पोरांना हे पटवा, पत्रे तेच, खर्च तोच.

पाळणाघराला फार काही लागत नाही पण जे लागतं ते पक्कं लागतं. एक बाई टोळीतलीच, म्हातारी सासू किंवा नुकतीच बाळंत झालेली किंवा जिला या हंगामात कोयता झेपत नाही अशी, कारण आई आपलं लेकरू अनोळखी बाईकडे टाकत नाही, त्यात तिचं काही चुकत नाही. दुसरी बाई गावातली, जिला मानधन द्याल. झोळ्या, प्यायचं झाकलेलं पाणी, दुपारचं काहीतरी मऊ खायला. सावली महत्त्वाची, फेब्रुवारीनंतर पत्रा तापतो, वर उसाचं पाचट टाका. वेळ पहाटेपासून हवी. दहाला उघडणाऱ्या पाळणाघराचा काही उपयोग नाही, आई पाचला गेलेली असते, मग मधले पाच तास पुन्हा तीच मुलगी. आम्ही पहाटे पाचला सुरू केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन बाळं होती, चौथ्या आठवड्यात एकोणीस. अंगणवाडी ताईंना जरूर सामील करून घ्या, सहा वर्षांखालच्या स्थलांतरित मुलांना आहार आणि लसीकरण देणं हे त्यांच्या कामातच येतं. केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये पाळणा नावाची योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची, तिच्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करून ठेवा, पण तिच्या मंजुरीवर हा हंगाम अवलंबून ठेवू नका.

पाण्याचंही असंच. मुलगी हंडा घेऊन निघते ती पाण्यासाठी म्हणून, आणि त्यातच तिची सकाळ जाते. शाळेत नळ असेल तर तिला सांगा हंडा घेऊनच शाळेत ये, सुट्टीत भरून ठेव, जाताना ने. एवढ्या एका गोष्टीनं आमच्याकडे चार मुली यायला लागल्या होत्या.

वर्गात काय करायचं यावर थोडंच लिहिते, तुम्ही शिक्षिका आहात. वाचन घेताना इयत्तेप्रमाणे बसवू नका, वाचता किती येतं त्याप्रमाणे तीन गट करा. पाचवीतल्या मुलाला अक्षर येत नसेल तर त्याला पहिलीत ढकलू नका, वयाच्याच पोरांत बसू दे पण तास-दोन तास वेगळं घ्या. तांड्यावरची म्हणजे बंजारा मुलं असतील तर घरी गोरमाटी बोलतात, मराठी त्यांना कळते पण पुस्तकातली मराठी नाही, त्यांच्यातलाच एखादा मोठा मुलगा दुभाषा करा. आणि त्यांना काय येतं ते आधी बघा. एक बारा वर्षांचा मुलगा होता, भागाकार मांडता यायचा नाही, फळ्यावर बोलावलं की घामाघूम. पण वडिलांची वजनाची पावती हातात आली की टोळीत किती कोयते, आज किती टन, प्रत्येकाच्या वाट्याला किती, तोंडी करून सांगायचा आणि मुकादमाचा हिशेब चुकला तर तेही सांगायचा. मी त्याच पावत्या वर्गात आणल्या. त्यावरून भागाकार मांडायला त्याला आठ दिवस लागले, वर्षानुवर्षं जे जमलं नव्हतं ते.

आता यातला मोठा भाग, जो तुमच्या हातात पूर्ण नाही पण माहीत असायला हवा. मूल उसाच्या फडापर्यंत येऊच नये, गावीच शाळेत राहावं, हे सगळ्यात बरं. शाळेचं वर्ष जूनपासून मेच्या सुरुवातीपर्यंत, गाळप नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण जातं, दर वर्षी जातं, चौथी-पाचवीपर्यंत मूल एवढं मागं पडतं की नंतर त्याला स्वतःलाच शाळा नको वाटते. यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक गावांत ती म्हणजे शाळेतच सकाळ-संध्याकाळचं जेवण, आणि मूल झोपायला आजी-आजोबांकडे. शाळा व्यवस्थापन समिती चालवते. चांगली योजना आहे, मी तिच्यामुळे शिकलेली पोरं बघितली आहेत, त्यातली एक आज नर्स आहे.

पण वेळ चुकते. उचल जून-जुलैपासून वाटायला लागतात, पोळ्या-गणपतीच्या सुमाराला घरात ठरतं की कोण जाणार कोण राहणार. म्हणजे वसतिगृह नक्की होणार हे आईबापाला सप्टेंबरात कळायला हवं. एका वर्षी आमच्या भागातल्या गावांची मंजुरी डिसेंबर अर्धा उलटल्यावर आली, तोवर ट्रक भरून गेले होते, यादीतली निम्मी मुलं कोप्यांत होती आणि स्वयंपाकाची भांडी शाळेत येऊन पडली होती. आईबाप पुढच्या वर्षी विश्वास ठेवत नाहीत मग. ठेवतील कसे.

आणि तिथंही पुन्हा तीच मुलगी. यादी काढून बघा, मुलगे जास्त दिसतील. मुलाला आजीकडे ठेवतात आणि मुलीला बरोबर नेतात, कारण बाळ सांभाळायला ती हवी. जरा मोठी झाली की उलटं कारण, वयात आलेली पोर म्हाताऱ्यांच्या भरवशावर कशी ठेवायची, कोपीत तरी डोळ्यासमोर राहील. त्यातून मग लवकर लग्न, लग्न झालं की नवा कोयता तयार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ ची, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर दहा बायकांत चारपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा लोक आईबापांना दोष देतात. मला ते पटत नाही. रात्री झोपायला सुरक्षित खोली, दाराला आतून कडी, आणि तिथं एक बाई मुक्कामाला, एवढं दिलं त्या गावांत आईबापांनी मुली मागं ठेवल्या, मी स्वतः पाहिलंय. मुलीला शिकवायचं नाही म्हणणारे बाप मला २२ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जणांची, म्हणजे तालुक्याला मुलांचं एक मुलींचं एक. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचंही ठरलं. हे फार मोठं पाऊल आहे, इतकी वर्षं हे कामगार सरकारी कागदावर कुठं नव्हतेच. पण सगळी वसतिगृहं पूर्ण भरली तरी जागा ८,२०० होतात, आणि कामगार काही लाख आहेत. तुमच्या तळावर आठवी-नववीची मुलं असतील तर त्यांच्या आईबापाला या वसतिगृहांबद्दल आत्ताच सांगा, पुढच्या जूनसाठी. दहावीतलं कुणी असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये मूळ केंद्रावर असते आणि परत जायला भाडं नाही म्हणून पेपर बुडालेली मुलं मी पाहिली आहेत. अशा मुलासाठी वर्गणी काढा, एसटीत बसवून द्या, गावी कुणाकडे उतरेल ते आधी ठरवा.

कारखान्याकडे काय मागायचं? शाळा मागू नका, नाही मिळणार. टँकरचं पाणी, तळावर दोन दिवे, संडास आणि शेडला जागा मागा. शेतकी अधिकाऱ्याला भेटा, चेअरमनला नंतर. मुकादमाकडे एकच मागणं, मुलं फडात आणायची नाहीत आणि बाळ पाळणाघरात टाकलं म्हणून बाईला कुणी बोलायचं नाही. मुकादम हा गावातलाच, बऱ्याचदा भावकीतलाच माणूस असतो, त्याचीही पोरं शाळेत असतात, त्याला शत्रू धरून गेलात तर सगळा तळ बंद होतो.

शेवटी मार्चचं, कारण तिथं सगळे चुकतात, आम्हीही चुकलो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या एका रात्रीत निघतात, सकाळी माळावर फक्त चुलीचे दगड असतात. मुलानं तुमच्याकडे चार महिने काय केलं हे मग कुणालाच कळत नाही, गावच्या शाळेत ते पुन्हा 'आलं उसाहून' म्हणून मागच्या बाकावर. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच कार्ड भरून ठेवा, किती दिवस आला, कुठपर्यंत वाचतो, कुठली गणितं येतात, स्पष्ट शब्दांत, नुसतं 'प्रगती समाधानकारक' असं नको. गावच्या वर्गशिक्षकाला कार्डाचा फोटो पाठवा. आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या, ती ते आधार आणि रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवते, तिथून ते हरवत नाही.